पालकांचें मत



मराठींत 'मत' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. विचारांतीं मनांत जें ठरतें तें मत, आणि निवडणुकीच्या दिवशीं जें नोंदविलें जातें तेंही मतच. या दोन अर्थांमध्यें किती अंतर पडूं शकतें हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें मुलांना शाळेंत काय शिकवावें या प्रश्नाचा इतिहास पाहावा. आपल्या मुलानें काय शिकावें याविषयीं प्रत्येक आईबापाच्या मनांत कांहीं तरी ठरलेलें असतें. परंतु त्या ठरविण्याला निवडणुकींत स्थान मिळण्यास आपल्याकडे शतकाहून अधिक काळ लागला. आणि तें मिळाल्यावर पालकाच्या मनांतील मूळ गोष्ट कितपत शिल्लक राहिली, हा वेगळाच प्रश्न आहे. आज त्या इतिहासाचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

हा मागोवा जालन्यापासून सुरू करणें सोयीचें आहे. जालना जिल्हा म्हणून वयानें लहान; औरंगाबाद जिल्ह्यांतील चार तालुके आणि परभणी जिल्ह्यांतील परतूर मिळून तो १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. परंतु कुंडलिकेच्या कांठचें हें गांव फार जुनें. 'जालना, सोने का पालना' ही म्हण व्यापाऱ्यांच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या आहे. १८०३ मध्यें असईची लढाई झाली ती याच मुलखांत. पुढें येथें लष्करी छावणी आली, मिशनरी आले, निजामाचा अंमल १९४८ पर्यंत राहिला, आणि नंतर हैदराबाद, द्वैभाषिक मुंबई व महाराष्ट्र अशा तीन राज्यांत या गांवानें बारा वर्षांच्या आंत प्रवेश केला. राज्यकर्ता बदलला कीं शाळा बदलते, आणि शाळा बदलली कीं पालकाला कांहीं तरी ठरवावें लागतें. तें त्यानें कोणत्या साधनानें ठरविलें, हेंच आपल्याला पाहावयाचें आहे.

सरकारी शाळा निघण्यापूर्वीं गांवोगांवीं पंतोजीची शाळा असे. देवळाच्या पडवींत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर ती भरे. धुळाक्षरें, पाढे, पावकी-निमकी, मोडी वाचणें व लिहिणें, जमाखर्च मांडणें, एवढा तिचा विस्तार. पंतोजीला धान्य मिळे, सणावारीं शिधा मिळे. आणि देणारे पालकच असल्यामुळें काय शिकवावयाचें हेंही तेच ठरवीत. कुळकर्ण्याच्या मुलाला दप्तर आलें पाहिजे, वाण्याच्या मुलाला हिशेब आला पाहिजे. याहून अधिक शिकविण्याचा आग्रह पंतोजीनें धरला असता, तर त्याची ओसरी सुटली असती. पालकांची इतकी निर्वेध सत्ता शाळेवर पुन्हां कधीं चालली नाहीं. मात्र त्या काळाचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. मुलींना शाळेंत पाठवूं नये, हेंही त्याच पालकांनीं ठरविलेलें होतें. आणि महार-मांगांच्या मुलाला ओसरीची पायरी चढूं देऊं नये, हेंही त्यांनींच. ज्याची पायरी अडविली जात होती, त्या मुलालाही आईबाप होते. परंतु पालक या नात्यानें त्यांची गणना कोणी केली नाहीं.

या सत्तेला पहिला धक्का दिला तो मिशनऱ्यांच्या शाळांनीं. मुंबईंत पालकांना इंग्रजी हवी होती आणि बायबल नको होतें; शाळेंत मात्र दोन्ही एकत्र मिळत. १८३९ मध्यें डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें आणि पालकांनीं आपलीं मुलें धडाधड शाळेंतून काढून घेतलीं. १८४३ मध्यें नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयी असून त्यांच्याबरोबर मिशनऱ्यांकडे राहिला होता. बापानें कोर्टाचा दरवाजा ठोठावला आणि मुलगा त्याच्या स्वाधीन करण्यांत आला. पुढें त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावर मोठें रण माजलें, आणि बाळशास्त्री जांभेकर घ्यावें या बाजूनें उभे राहिले. मतदानाचा हक्क कोणालाही नव्हता अशा त्या काळांत पालकाच्या हातीं दोनच साधनें होतीं: मूल शाळेंतून काढून घेणें, आणि ऐपत असल्यास कोर्टांत जाणें.

त्या प्रकरणांतील थोरला भाऊ पुढें जालन्याला आला, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं १८६० नंतरच्या दशकांत जालन्यांत काम सुरू केलें आणि गांवाबाहेर बेथेल नांवाची वसाहत वसविली. तेथें त्यांच्याकडे आलीं तीं मुख्यतः अस्पृश्य मानलेल्या जातींचीं कुटुंबें. मुंबईंत ज्या शिक्षणापासून वरिष्ठ वर्गांतील बाप आपला मुलगा ओढून घेत होता, त्याच शिक्षणाच्या दाराशीं जालन्यांतील हा दुसरा बाप आपला मुलगा घेऊन उभा राहिला. धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तर येथें एक साधी गोष्ट दिसते: ज्याला नकार देण्यापुरतीही दुसरी शाळा नव्हती, त्याच्यापुढें अभ्यासक्रमाची निवड अशी नव्हतीच. शाळा कोठें आहे, एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्या बापाचें म्हणणें सरकारदरबारीं स्पष्ट शब्दांत मांडलें जोतीराव फुले यांनीं. १८८२ मध्यें हंटर शिक्षण आयोगाला त्यांनीं निवेदन सादर केलें. सारा शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच निवेदनांत प्राथमिक शाळेंत काय शिकवावें याची त्यांनीं दिलेली यादी तितकीच महत्त्वाची आहे: मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य. ही यादी विद्वानांच्या समितीनें केलेली नसून, ज्याचें मूल शेतांत राबतें त्याची गरज डोळ्यांपुढें ठेवून केलेली आहे. ती ऐकून घेण्यांत आली. तिच्या पाठीशीं मतपेटी मात्र नव्हती, आणि म्हणून ती निवेदनच राहिली.

आतां निजामाच्या राज्यांत येऊं. जालना त्या वेळीं औरंगाबाद जिल्ह्यांतील एक तालुका होता. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागीं उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. आधुनिक शास्त्रांचें विद्यापीठीय शिक्षण एका हिंदी भाषेंतून, म्हणजे उर्दूंतून, देण्याचा हा देशांतील पहिलाच मोठा प्रयत्न. त्यासाठीं स्वतंत्र भाषांतरखातें उघडलें गेलें, परिभाषा घडविल्या गेल्या. त्या कार्याचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. दोष होता तो दुसऱ्या ठिकाणीं. संस्थानांतील जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगु बोले, सुमारें चौथाई मराठी बोले, कानडी बोलणारेही पुष्कळ. आणि माध्यमिक शाळेपासून वर चढावयाचें तर या सर्वांच्या मुलांना उर्दूच्या जिन्यानेंच चढावें लागे. याविषयीं पालकांना कोणी विचारलें नाहीं. विचारण्याची रीतच त्या राज्यांत नव्हती.

विचारलें जात नाहीं म्हणून मराठी पालक मात्र स्वस्थ बसले नाहींत. ज्यांच्यापाशीं थोडा पैसा आणि थोडें धैर्य होतें, त्यांनीं स्वतःच्या शाळा काढल्या. औरंगाबादेस १९१५ मध्यें सरस्वती भुवन निघालें. उस्मानाबाद जिल्ह्यांत हिप्परगा येथें १९२१ मध्यें राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें मराठवाड्याला परिचित झालेले व्यंकटेश खेडगीकर तिचे मुख्याध्यापक होते, आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंतही त्यांनीं काम केलें. खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे, संशयी नजर सतत पाठीवर असे. तरीही व्यापारी, वकील, देशमुख, शिक्षक यांनीं वर्गण्या जमवून या शाळा चालविल्या. गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून जात असल्यामुळें येथील मुलाला औरंगाबादेस पाठविणें शक्य झालें होतें. अर्थात् ज्याच्या बापाला भाडें आणि जेवणाचा खर्च परवडे, त्याच्यापुरतें.

या शाळांनीं किती खोलवर काम केलें हें १९३८ मध्यें दिसून आलें. त्या वर्षाच्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला. बंदी आली, मुलांनीं ती मानली नाहीं, आणि शेंकडों विद्यार्थी काढून टाकण्यांत आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. ज्या पालकांनीं पोटाला चिमटा घेऊन मुलगा शिकावयास पाठविला होता, त्यांच्यावर ही मोठी आपत्ति होती. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत पुढें आलेले कितीतरी कार्यकर्ते याच शाळांतून आणि याच आंदोलनांतून तयार झाले. मताची पेटी नाकारली गेली तेव्हां मराठवाड्यांतील पालकांनीं शाळा हीच आपली पेटी केली, असें म्हटलें तर तें चूक होणार नाहीं.

इकडे हें चाललें असतां शेजारच्या ब्रिटिश प्रांतांत मतपेटी येऊन पोंचली होती. १९१९ च्या सुधारणांनीं शिक्षणखातें लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलें. मुंबई इलाख्यांत १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा लोकलबोर्डें आणि नगरपालिका यांच्या स्कूलबोर्डांकडे सोंपविल्या गेल्या. मताधिकार अजून मालमत्तेवर अवलंबून होता. तरीही शाळेचा प्रश्न निवडणुकीच्या सभेंत आला तो तेव्हां. आणि आल्याबरोबर त्याचें रूपही पालटूं लागलें. १९३७ च्या निवडणुकींनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडांत पंडित रविशंकर शुक्ल यांनीं खेड्यांसाठीं 'विद्यामंदिर' योजना काढली. शाळेला जमीन असावी आणि तिच्या उत्पन्नांतून शाळा चालावी, अशी ती मुळांत चांगली कल्पना होती. परंतु 'मंदिर' या शब्दावर मुसलमान पालकांचा आक्षेप आला. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालांत त्याची नोंद काँग्रेस मंत्रिमंडळांविरुद्धच्या तक्रारींत झाली, आणि पुढील वर्षांतील प्रचारांत ती तक्रार गांवोगांव फिरली. शेताच्या उत्पन्नांतून मास्तराचा पगार निघेल कीं नाहीं, हा खरा प्रश्न होता. सभांतून गाजला तो नांवाचा प्रश्न.

हें आपल्याकडेच घडलें असें मात्र नव्हे. इंग्लंडांत १९०२ च्या शिक्षण कायद्यानें चर्चच्या शाळांना स्थानिक कराच्या पैशांतून मदत देण्याचें ठरलें, तेव्हां इतर प्रॉटेस्टंट पंथांच्या अनेक पालकांनीं तो कर भरण्याचें नाकारलें. कित्येकांचें सामान जप्त झालें, कांहीं तुरुंगांत गेले. १९०६ च्या निवडणुकींत लिबरल पक्षाला जें प्रचंड यश मिळालें, त्याच्या कारणांत हेंही एक होतें. तरीही त्या पक्षानें आणलेलें शिक्षण विधेयक लॉर्डांच्या सभागृहांत अडलें, आणि १९०२ चा कायदा राहिला तो राहिलाच. अगदीं अलीकडे, २०२१ मध्यें, अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्याच्या गव्हर्नरपदाचे एक उमेदवार टेरी मॅकॉलिफ हे वादसभेंत असें बोलून गेले कीं शाळांनीं काय शिकवावें हें पालकांनीं सांगूं नये. त्यांचे प्रतिस्पर्धी ग्लेन यंगकिन यांनीं हेंच वाक्य प्रचारांत सर्वत्र नेलें, आणि ते निवडून आले. पालक हा असा मतदार आहे कीं त्याला दुखविणें कोणत्याही पक्षाला परवडत नाहीं.

जालन्याला मतपेटी आली ती १९५२ मध्यें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें आणि पुढें साडेतीन वर्षांनीं प्रौढ मतदानाच्या हक्कानें पहिली निवडणूक झाली. पडवीची पायरी ज्यांना अडविली होती त्यांच्या नातवंडांनीं त्या दिवशीं मत दिलें, स्त्रियांनींही दिलें. शाळांतून मातृभाषा आली. १९५८ मध्यें औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी पुरी झाली. मात्र याच वेळीं चित्र उलटलें, हेंही प्रामाणिकपणें सांगावयास हवें. काल मराठी पालक जें मागत होते, तेंच आतां जालन्यांतील उर्दूभाषी पालकाला मागावें लागलें. घटनेनें त्याला तो हक्क दिला: १९५६ च्या घटनादुरुस्तीनें भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. निजामाच्या राज्यांत बहुसंख्यांना जें मिळालें नाहीं, तें प्रजासत्ताकानें अल्पसंख्यांना लेखी दिलें, ही गोष्ट अभिमानाची आहे.

मत मिळालें, परंतु पुस्तक मात्र पालकापासून दूर गेलें. १९६७ मध्यें पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाली. एकाच पुस्तकावर साऱ्या राज्याचीं मुलें वाढूं लागलीं. पुस्तकें स्वस्त झालीं, एकसारखीं झालीं, आणि गरिबाच्या मुलाच्या हातीं तेंच पुस्तक आलें जें सधनाच्या मुलाच्या हातीं होतें. हा लाभ लहान नाहीं. पण पंतोजीच्या शाळेंत जो बाप ओसरीवर बसून काय शिकवावें हें सांगूं शकत होता, त्याला आतां सांगावयाचें असेल तर पांच वर्षांतून एकदां, आणि तेंही आमदाराच्या मार्फत.

तरीही पालकांचा रेटा सरकारला हलवूं शकतो, हें २००० सालीं दिसलें. शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांनीं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय घेतला. मातृभाषेचा पाया पक्का होण्यापूर्वीं परकी भाषा नको, असें अनेक शिक्षणतज्ज्ञ सांगत होते, आणि त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. परंतु खेड्यांतील बापाचा प्रश्न निराळा होता. साहेबांचीं मुलें इंग्रजी शिकतात, मग आमच्याच मुलांनीं पांचवीपर्यंत कां थांबावें? या प्रश्नाला तज्ज्ञांपाशीं शास्त्रीय उत्तर होतें. समाधानकारक उत्तर नव्हतें.

पालकांचें म्हणणें राज्याच्या निवडणुकीचा मुख्य विषय कसा होतो आणि पुढें त्याचें काय होतें, याचें आपल्या शेजारचें उदाहरण गोव्याचें आहे. तेथें १९९० पासून प्रादेशिक भाषांच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचें धोरण होतें. २०११ मध्यें इंग्रजी माध्यमाला अनुदान मिळावें म्हणून पालकांचें आंदोलन उभें राहिलें आणि दिगंबर कामत यांच्या सरकारनें तें मान्य केलें. लगेच मराठी व कोंकणीच्या बाजूनें भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्यांतही पालकच होते. २०१२ मध्यें सत्तांतर झालें. नवें सरकार हें अनुदान बंद करील, अशी मंचाची अपेक्षा होती. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारनें तें चालूच ठेवलें. तेव्हां मंचाचे नेते सुभाष वेलिंगकर यांनीं २०१६ मध्यें गोवा सुरक्षा मंच हा स्वतंत्र पक्ष काढून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व शिवसेना यांच्याशीं युति केली आणि २०१७ ची निवडणूक लढविली. नव्या पक्षाला एकही जागा मिळाली नाहीं. गोमंतक पक्षाला तीन मिळाल्या, आणि तो निकालानंतर पर्रीकरांच्याच मंत्रिमंडळांत गेला. दोन्ही बाजू पालकांच्या नांवानें बोलल्या, दोन्ही बाजूंनीं मतें मागितलीं; परंतु मतदार एका चिन्हावर शिक्का मारतांना रस्ते, रोजगार, उमेदवार आणि शाळा या सर्वांविषयीं एकदम बोलत असतो. त्यांतून शाळेविषयींचें बोलणें वेगळें काढतां येत नाहीं.

आणि आतां महाराष्ट्र. १६ एप्रिल २०२५ रोजीं राज्य सरकारनें मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा निर्णय काढला. गदारोळ उठल्यावर १७ जूनला सुधारलेला निर्णय आला: हिंदी ही सर्वसाधारणपणें तिसरी भाषा राहील, दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेंतील निदान वीस विद्यार्थ्यांनीं ती मागावी. या वीसच्या आंकड्याकडे श्रोत्यांनीं थोडें लक्ष द्यावें. पालकाला निवड दिली, असें त्यांत कागदोपत्रीं आहे. परंतु जालना जिल्ह्यांत काय किंवा अन्यत्र काय, लहान वस्तीवरील शाळेंत एका इयत्तेंत मिळून वीस मुलें बसतात तरी कोठें? मोठ्या शहरांतील मोठ्या शाळेला जी निवड मिळते, ती तांड्यावरील शाळेला आपोआप नाकारली जाते. पुढें २९ जूनला दोन्ही निर्णय मागें घेण्यांत आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. ५ जुलै रोजीं मुंबईंत वरळी येथें विजयमेळावा झाला व उद्धव आणि राज हे ठाकरे बंधु पुष्कळ वर्षांनीं एका व्यासपीठावर आले. जानेवारी २०२६ मध्यें राज्यांतील महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हां मुंबईंतील प्रचारांत हा विषय होताच. जालना महानगरपालिकेची ती पहिलीच निवडणूक.

सक्ती मागें घेतली गेली हें लोकमताचें यश आहे, यांत शंका नाहीं. परंतु या सर्व वादांत पहिलीच्या मुलाच्या आईला कोणी काय विचारलें? पक्ष बोलले, साहित्यिक बोलले, तज्ज्ञ बोलले. तिच्यासाठीं कायद्यानें एक जागा खरें म्हणजे राखून ठेवलेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिति नेमण्यास सांगितलें. तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकंदर निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात, असा नियम घातला. मात्र अभ्यासक्रम ठरविण्याचें काम त्याच कायद्यानें राज्याच्या विद्याविषयक संस्थेकडे ठेवलें. काय शिकवावें हें ठरविण्याचा हक्क पालकाला दिला नाहीं. जें ठरलें तें शिकविलें जातें कीं नाहीं, हें पाहण्याचा दिला. मला ही विभागणी एकंदरीनें शहाणपणाची वाटते. गणितांत अपूर्णांक कोणत्या इयत्तेंत यावेत यावर मतदान घेऊं नये. परंतु ती विभागणी तेव्हांच न्याय्य ठरते, जेव्हां दुसरा हक्क खरोखर बजावला जातो.

आणि येथें जालन्यांतील आजचा बाप पुढें येतो. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्राचें साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ८२ च्या वर होतें. जालना जिल्ह्याचें शेंकडा ७१ च्या थोडें वर, आणि येथील स्त्रियांचें शेंकडा ६१ च्याही आंत. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. कारखान्याच्या आसपास कोपींत बिऱ्हाड. आणि परत यावयास उन्हाळा उजाडतो. मूल बरोबर गेलें तर त्याची शाळा मध्येंच तुटते. मागें ठेवलें तर आजीपाशीं किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारावर. या काळांत व्यवस्थापन समितीची बैठक होते, आणि कधीं निवडणूकही होते. दोन्ही ठिकाणीं या आईबापांची जागा रिकामी राहते. तिसरी भाषा कोणती, या प्रश्नावर त्यांचें कांहीं म्हणणें नसेल असें नाहीं. पण त्याआधींचा त्यांचा प्रश्न असा आहे कीं फाल्गुनांत परत आल्यावर आमच्या मुलाला पहिली भाषा वाचतां येईल काय.

हा तोच बाप आहे. पंतोजीच्या ओसरीखालीं तो उभा होता, बेथेलच्या दाराशीं तो आला होता, जोतीरावांच्या निवेदनांत त्याचीच यादी होती. वर्गणी देऊन शाळा काढण्याची ऐपत त्याच्याजवळ तेव्हां नव्हती, आणि मोर्चाला जाण्याची फुरसत आज नाहीं. मताधिकार आणला गेला तो विशेषेंकरून त्याच्यासाठीं. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं, संस्था नाहीं, त्याचाही शब्द मोजला जावा म्हणून. शाळेचा प्रश्न निवडणुकींत येतो याबद्दल म्हणूनच खेद मानण्याचें कारण नाहीं. निजामाच्या राज्यांत तो येऊं शकत नव्हता, याची आठवण मराठवाड्याला तरी आहे. खेद मानावयाचा तर तो इतकाच कीं तेथें येतांना तो प्रश्न आपली भाषा, आपला धर्म, आपलें नांव एवढ्यापुरता उरतो. सभेंत टाळी मिळते ती त्याला. वर्ग किती दिवस भरला, शिक्षक किती आहेत, चौथींतील मुलाला चार ओळी वाचतां येतात कीं नाहीं, याला ती मिळत नाहीं.

यावर उपाय मोठा नाहीं, परंतु कंटाळवाणा आहे. माध्यम कोणतें आणि भाषा किती, हे प्रश्न साऱ्या समाजाचे आहेत. ते सभेंत आणि विधिमंडळांत लढले जावेत. कोणत्या इयत्तेंत काय, हें शिक्षणशास्त्र जाणणाऱ्यांनीं ठरवावें आणि उघडपणें, लोकांचे आक्षेप ऐकून ठरवावें. आणि जें ठरलें तें शिकविलें जातें कीं नाहीं, हें पाहण्याच्या बैठका ज्या दिवशीं ज्या आईबापांना येतां येईल, त्या दिवशीं भरवाव्यात; ऊसतोडीच्या गांवीं त्या कारखान्यांचे पट्टे पडण्यापूर्वीं आणि ते थांबल्यावर भरवाव्यात. आपण शहरांत राहणारे, वाचणारे-ऐकणारे लोक. आपलें म्हणणें वर्तमानपत्रांत येतें, आणि आपल्या मुलाला शाळा नाहीं आवडली तर आपण दुसरी पाहूं शकतों. पुढच्या निवडणुकींत कोणी उमेदवार शाळेविषयीं बोलूं लागला, तर त्याला आपण भाषेविषयीं अवश्य विचारावें. आणि त्याच दमांत हेंही विचारावें कीं मंठ्याच्या, परतूरच्या शाळेंत दिवाळीला पटावर किती मुलें होतीं आणि होळीला वर्गांत किती उरलीं.